उरलेल्या ४३ विकला

बुध सूर्याभोवती ८८ दिवसांत एक फेरी मारतो. त्याची कक्षा चांगलीच लांबट आहे. सूर्यापासून सगळ्यात जवळ असताना तो ४ कोटी ६० लाख किलोमीटरवर असतो, सगळ्यात लांब असताना सुमारे ७ कोटी किलोमीटरवर. त्या जवळच्या जागेला उपसूर्य बिंदू म्हणतात. जगात सूर्य आणि बुध असे दोघंच असते आणि न्यूटनचा नियम तंतोतंत खरा असता, तर हा बिंदू कायम एकाच जागी राहिला असता. तो राहत नाही. दर फेरीला किंचित पुढे सरकतो, म्हणजे अख्खी कक्षाच सावकाश सूर्याभोवती फिरते.

किती सरकतो? पृथ्वीवरून मोजलं तर शंभर वर्षांत सुमारे ५,६०० विकला. एका अंशाच्या साठ कला, एका कलेच्या साठ विकला. चार-पाच किलोमीटरवर धरलेलं रुपयाचं नाणं डोळ्याला जेवढं दिसेल, तेवढी एक विकला. या ५,६०० पैकी सुमारे ५,०२५ बुधाच्या नाहीतच. पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा डोलतो, त्यामुळे आपली मोजपट्टीच सरकत असते, त्याचा तो हिशेब. आणखी ५३२ च्या आसपास इतर ग्रहांच्या ओढीमुळे: एकट्या शुक्राच्या २७७, गुरूच्या १५३, पृथ्वीच्या ९०, बाकी किरकोळ. हे सगळं वजा केलं की ४३ उरतात. बुधाच्या एका फेरीमागे विकलेचा दहावा भाग. या गतीनं एक अंश पुढे जायला जवळजवळ ८,४०० वर्षं लागतील.

या ४३ विकलांची गोष्ट लोकप्रिय विज्ञानाच्या पुस्तकांत दोन परिच्छेदांत उरकलेली असते. एका फ्रेंच खगोलज्ञानं त्यांच्यासाठी नसलेला ग्रह कल्पिला, तो चुकला. मग आइन्स्टाइन आला आणि त्यानं बरोबर उत्तर दिलं. गोष्ट खरी आहे, पण ती ज्या सुरात सांगतात तो मला खटकतो. त्यात एक निवाडा गृहीत धरलेला असतो: पहिल्यानं करायला नको होतं ते केलं, दुसऱ्यानं करायला हवं ते केलं. हिशेब जुळत नाही तेव्हा दोन वाटा असतात. आपल्याला न दिसलेलं काहीतरी तिथे आहे असं मानायचं, किंवा ज्या नियमावर सगळा हिशेब उभा आहे तोच बदलायचा. कुठली वाट बरोबर हे आधी कळत नाही. मग चुकीची निवडणाऱ्याला दोष कशाच्या आधारावर द्यायचा?

त्या फ्रेंच माणसाचं नाव उर्बें ल व्हेरिए. त्याच्याबाबतीत हा प्रश्न जास्तच टोचतो, कारण त्यानं दोन वेळा तीच वाट निवडली.

पहिली वेळ युरेनसची. १७८१ साली विल्यम हर्शेलला हा ग्रह सापडला आणि पुढची साठ वर्षं तो काही केल्या वेळापत्रकाप्रमाणे चालेना. सूर्यापासून इतक्या लांब गेल्यावर गुरुत्वाकर्षणाचा नियमच थोडा बदलत असेल, ही शंका तेव्हा गंभीरपणे घेतली जात होती. इंग्लंडचा राजखगोलज्ञ जॉर्ज एअरी ती बाळगणाऱ्यांपैकी एक. ल व्हेरिएनं नियमाला हात लावला नाही. पलीकडे एक न दिसलेला ग्रह आहे असं धरलं आणि उलटं गणित मांडून तो आकाशात कुठे असेल ते काढलं. त्याचं पत्र २३ सप्टेंबर १८४६ रोजी बर्लिनच्या वेधशाळेत योहान गालेच्या हाती पडलं. त्याच रात्री गाले दुर्बिणीतून एकेक तारा सांगत होता आणि डारेस्ट नावाचा तरुण तो नकाशावर ताडून बघत होता. थोड्याच वेळात नकाशात नसलेला एक तारा निघाला, सांगितलेल्या जागेपासून एका अंशाच्या आत. तो नेपच्यून. (इंग्लंडमध्ये जॉन अॅडम्सनंही हेच गणित केलं होतं. मान कोणाचा यावर दोन देशांत बरंच भांडण झालं, ते इथे सोडतो.)

पण या विजयातली एक गोष्ट क्वचितच सांगितली जाते. नव्या ग्रहाचं अंतर अंदाजानं धरायला ल व्हेरिएनं तेव्हा प्रचलित असलेल्या एका ठोकताळ्याचा आधार घेतला होता, आणि त्याच्या गणितातला ग्रह सूर्यापासून पृथ्वीच्या ३६ पट अंतरावर निघाला. खरा नेपच्यून ३० पटीवर आहे. म्हणजे कागदावरची कक्षा आणि आकाशातली कक्षा वेगवेगळ्या होत्या. फक्त १८४० च्या दशकात दोन्ही ग्रह पृथ्वीवरून बघता जवळजवळ एकाच दिशेला होते. अमेरिकेतला गणितज्ञ बेंजामिन पर्स तर हा शोध म्हणजे निव्वळ सुदैवी योगायोग आहे म्हणाला. मला ते फार कठोर वाटतं. युरेनसला त्या दशकांत कोण ओढतंय आणि कुठल्या बाजूनं, हे ल व्हेरिएनं बरोबरच ओळखलं होतं. तरी नशिबाचा वाटा त्यात होता हे मान्य करायला हवं.

दुसरी वेळ बुधाची. १६९७ ते १८४८ या दीडशे वर्षांत बुध सूर्यबिंबावरून जाताना ज्या नोंदी झाल्या होत्या त्या ल व्हेरिएनं घेतल्या. अशा अधिक्रमणात ग्रह बिंबाच्या कडेला कधी टेकला ती वेळ अचूक नोंदता येते, म्हणून बुधाच्या जागेचा त्याहून पक्का पुरावा त्या काळी नव्हता. १८५९ मध्ये त्यानं निष्कर्ष छापला: बुधाचा उपसूर्य बिंदू शतकाला ३८ विकला जास्त सरकतोय. (४३ हा सुधारलेला आकडा १८८२ मध्ये सायमन न्यूकमनं काढला.) ल व्हेरिएनं आधी साधं कारण तपासून पाहिलं. शुक्राचं वस्तुमान आपण कमी धरलं असेल का? ते एक दशांशानं वाढवलं तर बुधाचा हिशेब बसत होता, पण मग पृथ्वीच्या गतीचा बिघडत होता. ती वाट त्यानं सोडली. मग त्यानं म्हटलं, बुधाच्या आत काहीतरी असणार. आणि एवढी ओढ लावणारा एकच मोठा ग्रह असता तर खग्रास ग्रहणात तो केव्हाच दिसला असता, तेव्हा बहुधा लहान लहान पिंडांचा थवा असावा, हेही त्यानंच म्हटलं. इथपर्यंत त्याच्या विचारात मला एकही कच्चा दुवा दिसत नाही.

कच्चा दुवा त्याच वर्षाच्या शेवटी आला. पॅरिसपासून दूर, ओर्जेर नावाच्या गावातल्या लेस्कारबो नावाच्या डॉक्टरनं पत्र पाठवलं की २६ मार्चला त्यानं एक काळा गोल ठिपका सूर्यबिंबावरून जाताना पाहिला आहे. ल व्हेरिए तडक निघाला. ३१ डिसेंबरला रेल्वेनं जमेल तितकं आणि पुढे पायी असा तो त्या गावी पोहोचला, आणि स्वतःचं नाव न सांगता डॉक्टरची उलटतपासणी करू लागला. डॉक्टरच्या घड्याळाला सेकंदकाटा नव्हता. दोऱ्याला हस्तिदंती गोळी टांगून लंबक केला होता, त्याच्या झोक्यांवर तो सेकंद मोजायचा. आकडेमोड लाकडी फळीवर करायचा आणि जागा संपली की फळी रंधून परत वापरायचा. ल व्हेरिएनं हे सगळं बारकाईनं पाहिलं, आडवेतिडवे प्रश्न विचारले आणि त्याची खात्री पटली. काही आठवड्यांत डॉक्टरला फ्रान्सचा मोठा सन्मान मिळाला. ग्रहाचं व्हल्कन असं बारसं झालं. कक्षा निघाली: १९ दिवस १७ तासांची एक फेरी, सूर्यापासून २ कोटी १० लाख किलोमीटर.

ल व्हेरिएनं त्या दिवशी नेमकं काय तपासलं? त्यानं माणूस तपासला. हा थापा मारतोय का, याला मोजता येतं का, हा प्रसिद्धीसाठी करतोय का. उत्तरं चांगली आली, कारण डॉक्टर खरोखरच प्रामाणिक होता. त्यानं काहीतरी पाहिलंच असणार. पण प्रामाणिक माणसानं पाहिलं याचा अर्थ त्याला जे वाटलं तेच तिथे होतं असा होत नाही. त्याच सुमारास ब्राझीलमध्ये इमॅन्युएल लिए नावाचा दुसरा फ्रेंच खगोलज्ञ सूर्यच बघत होता, आणि त्याला काही दिसलं नव्हतं. त्यानं तसं जाहीर सांगितलं. शिवाय ल व्हेरिएच्याच आकड्यांनी हा ग्रह बुधाच्या सतराव्या भागाइतका भरत होता, म्हणजे ३८ विकला सरकवण्याची त्याची ताकदच नव्हती. थवा हवा होता, मिळाला एक खडा, आणि तरी आनंद झाला.

सूर्यावरचा ठिपका फसवतो कसा, हे मी एकदा जवळून पाहिलं आहे. ९ मे २०१६ च्या संध्याकाळी बुधाचं अधिक्रमण होतं. मी इंजिनिअरिंगला होतो. पुण्यात एका मैदानावर हौशी मंडळींनी दुर्बिणीतून सूर्याची प्रतिमा पांढऱ्या पुठ्ठ्यावर पाडली होती. बुधाचा ठिपका बिंबाच्या दीडशेव्या भागाएवढा. आणि बिंबावर सौरडागही होते. रांगेतला प्रत्येक जण आधी डागाकडेच बोट दाखवून "हा का?" म्हणत होता. फरक असा की डागाची कड विस्कटलेली असते आणि तो सूर्याबरोबर फिरतो, त्यामुळे तासाभरात हलल्याचं कळत नाही. बुध गच्च काळा गोल असतो आणि बघता बघता सरळ पुढे जातो. पण हे आम्हाला सांगायला तिथे माणूस होता, आणि आज बुध येणार हे आम्हाला आधीपासून ठाऊक होतं. गावात एकटा, हाताशी लहान दुर्बीण, आणि मनात वर्षानुवर्षं नव्या ग्रहाची आस असली की काय दिसेल? १८७६ मध्ये व्हल्कन पुन्हा दिसल्याची बातमी आली तेव्हा ग्रिनिच आणि माद्रिदच्या नोंदींनी तो डाग असल्याचं दाखवून दिलं.

ल व्हेरिएच्या बाजूनं एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. तो सबबींच्या आड लपला नाही. त्यानं तारीख दिली. २२ मार्च १८७७ ला व्हल्कन सूर्यावरून जाण्याची शक्यता आहे असं त्यानं सांगितलं आणि जगभरच्या दुर्बिणी त्या दिवशी सूर्याकडे लागल्या. काही आलं नाही. त्याच वर्षी २३ सप्टेंबरला, नेपच्यून सापडला त्या रात्रीला बरोबर ३१ वर्षं होत असताना, तो वारला.

योगायोग असा की १८७७ च्याच जानेवारीत लंडनमध्ये विल्यम क्लिफर्ड या तरुण गणितज्ञाचा एक निबंध प्रसिद्ध झाला, 'श्रद्धेची नीती' अशा अर्थाच्या शीर्षकाचा. त्यातला दृष्टान्त तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्यांना पाठ असतो. एका जहाजमालकाला शंका असते की आपलं जहाज जुनं झालंय, समुद्रावर टिकणार नाही. दुरुस्तीला पैसे लागतील. तो मनाची समजूत घालतो, इतक्या सफरी झाल्या, ही पण होईल; आणि खऱ्या मनानं विश्वास ठेवून माणसांनी भरलेलं जहाज पाठवतो. जहाज बुडतं. तो दोषी आहे हे कोणीही म्हणेल. क्लिफर्ड पुढे म्हणतो: समजा जहाज सुखरूप पोहोचलं असतं, तरीही तो तेवढाच दोषी. विश्वास खरा ठरला की खोटा यावर नीती ठरत नाही. तो कसा मिळवला यावर ठरते.

हा निकष लावला की पाठ्यपुस्तकातला निवाडा कोसळतो. नेपच्यून सापडला म्हणून १८४६ चा तर्क अधिक शहाणा होत नाही, आणि व्हल्कन सापडला नाही म्हणून १८५९ चा तर्क मूर्ख ठरत नाही. तर्क तोच, माणूस तोच, काळजी तीच. उलट बुधाच्या वेळी त्यानं ठोकताळे कमी वापरले होते. दोष शोधायचाच तर तो ओर्जेरच्या त्या एका दिवसात शोधावा लागतो, जिथे उत्तराची गरज पुराव्याच्या पुढे धावली.

मात्र क्लिफर्डचं सगळं मला पटत नाही. अपुऱ्या पुराव्यावर कोणीही, कधीही विश्वास ठेवणं चूक, इतका ताठर नियम त्यानं घातला. तो पाळला असता तर गालेनं दुर्बीण वळवलीच नसती. न सापडलेल्या गोष्टीच्या मागे जायला थोडा आगाऊ विश्वास लागतोच. जेम्स वॉटसनचं उदाहरण आठवतं. लघुग्रह शोधण्यात हा अमेरिकन माणूस इतका तरबेज की त्याच्या नावावर २२ लघुग्रह आहेत, म्हणजे ताऱ्यांच्या गर्दीतला परका ठिपका ओळखणं हाच त्याचा धंदा. २९ जुलै १८७८ च्या खग्रास ग्रहणात त्यानं सूर्याजवळ अनोळखी ठिपके पाहिल्याचं सांगितलं. पीटर्स नावाच्या खगोलज्ञानं ते कर्क राशीतले माहीत असलेलेच तारे होते असं दाखवलं. वॉटसननं ऐकलं नाही. दिवसाउजेडी सूर्याजवळचं दिसावं म्हणून त्यानं विस्कॉन्सिनमध्ये जमिनीखालची वेधशाळा बांधायला घेतली आणि ती पुरी होण्याआधीच, १८८० मध्ये, बेचाळिसाव्या वर्षी गेला. त्याच्या जागी आलेल्या होल्डननं ती पुरी करून पाहिली. तळघरातून काही दिसत नव्हतं. वॉटसनला मी दोषी म्हणणार नाही. त्यानं आपली समजूत तपासायला विहीर खणली होती. जहाजमालक नेमकं हेच करत नव्हता.

आता दुसरी वाट, नियम बदलण्याची. ती आपोआप अधिक धाडसाची किंवा अधिक प्रामाणिक ठरते असं समजायचं कारण नाही. १८९४ मध्ये असफ हॉलनं (मंगळाचे दोन चंद्र शोधणारा तोच) सुचवलं की गुरुत्वाकर्षण अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात कमी होतं असं म्हणण्याऐवजी घातांक २ च्या जागी २.००००००१६ धरावा. बुधाचा हिशेब बसतो. माझ्या व्यवसायातल्या कोणालाही हे वाक्य वाचून ओळखीचं हसू येईल. टेस्ट पास होईपर्यंत आकडा हलवत राहायचा आणि शेवटी जो बसेल तो कोडमध्ये तसाच ठेवायचा. त्याला आम्ही मॅजिक नंबर म्हणतो. तो आकडा तेवढाच का, याचं उत्तर कोणाकडे नसतं. पुढे चंद्राच्या गतीचा काटेकोर हिशेब झाला तेव्हा हा घातांक तिथे बसेना आणि त्याला रजा मिळाली.

मॅजिक नंबरापेक्षा वाईट एक प्रकार आहे, आणि तो खगोलशास्त्रात मला सापडला नाही, ऑफिसात सापडला. माझी आधीची कंपनी दुकानदारांच्या ऑनलाइन पैशांचा हिशेब ठेवणारी प्रणाली चालवायची. रोज रात्री दोन वह्या ताडून बघायच्या: ग्राहकाकडून आलेले आणि दुकानदाराला गेलेले. रोज काही खात्यांत थोड्या पैशांचा फरक निघायचा. कारण ठाऊक नव्हतं. राउंडिंग असेल, बँकेकडची आकारणी असेल, आणखी काही. फरक दिसला की ॲलर्ट यायचा, आणि कोणाला तरी रात्री उठून बघावं लागायचं. एका बैठकीत ठरलं की फरक एक रुपयापेक्षा कमी असेल तर ॲलर्ट द्यायचाच नाही. एका ओळीचा बदल. मी म्हटलं, ॲलर्ट हवा तर बंद करा, पण फरक कुठेतरी लिहून ठेवू. जुन्या वळणाच्या मुनीमजींकडेही अशा रकमेसाठी सस्पेन्स खातं असतं. पैसे कुठले ते कळेपर्यंत तिथे दिसत राहतात. माझ्या वरिष्ठांचं उत्तर व्यावहारिक होतं: जे दिसतं त्याचं कारण द्यावं लागतं. ती ओळ गेली. मी ती नोकरी सोडली तेव्हाही ती तिथेच होती. फरक किती झाला हे आज तिथल्या कोणालाही सांगता येणार नाही, कारण तो कुठे लिहिलेलाच नाही. आणि ते पैसे कोणाचे तरी होते, बहुधा ज्यांना पाच-दहा पैशांसाठी तक्रार करायला वेळ नसतो अशांचे.

या अनुभवानंतर मला ल व्हेरिएबद्दल वेगळाच आदर वाटू लागला. न्यूटनच्या नियमावर त्याच्याइतकी श्रद्धा क्वचितच कोणाची असेल. त्याची सगळी कीर्ती त्या नियमावर उभी होती. त्या नियमाविरुद्धचा पुरावा त्यानं स्वतः शोधला, आकड्यात मांडला आणि छापला. ३८ विकला. दीडशे वर्षांच्या जुन्यापान्या नोंदींतून निघालेला एवढासा फरक नोंदणाऱ्यांच्या माथी मारून मोकळं होता आलं असतं, आणि कोणी त्याला बोललंही नसतं. त्याचं स्पष्टीकरण चुकलं. पण त्यानं फरक झाकला नाही, आणि स्पष्टीकरण पडल्यावरही फरक जिथल्या तिथे राहिला. पुढची ५६ वर्षं तो प्रत्येकासमोर होता.

आइन्स्टाइनला तो तयार मिळाला. पण त्याच्याही गोष्टीत एक वळण आहे, जे गौरवगाथेत सहसा येत नाही. १९१३ मध्ये, नव्या सिद्धांताचा पहिला खर्डा हाती असताना, त्यानं आणि त्याचा मित्र मिशेल बेसो यांनी बुधाचा हिशेब करून पाहिला. मध्ये सूर्याच्या वस्तुमानात दहापटीची गफलत होऊन १,८०० च्या वर विकला आल्या. ती सुधारल्यावर १८ आल्या. हव्या होत्या ४३. आइन्स्टाइननं त्यावर काय केलं? सिद्धांत टाकला नाही. १८ चा आकडा छापलाही नाही. कागद बाजूला पडले आणि खर्ड्यावरचं काम आणखी दोन वर्षं चालू राहिलं. शेवटी खर्डा सोडून नवी समीकरणं मांडली, तेव्हा १८ नोव्हेंबर १९१५ ला बर्लिनच्या अकादमीपुढे त्यानं तोच हिशेब परत ठेवला, आणि या वेळी एकही आकडा इकडचा तिकडे न करता ४३ आल्या. त्या दिवसांत छातीत धडधडत होतं असं त्यानं नंतर एका सहकाऱ्याला सांगितलं. क्लिफर्डच्या निकषावर १९१३ चा आइन्स्टाइन कुठे बसतो हे मी बराच वेळ विचार करूनही ठरवू शकलेलो नाही. फरक लपवला म्हणावं तर ४३ हा आकडा आधीच सगळ्यांना ठाऊक होता. नाही म्हणावं, तर आपला सिद्धांत या परीक्षेत नापास झाला हे त्याला आणि बेसोलाच माहीत होतं.

हे प्रकरण १९१५ मध्ये संपलं असं वाटतं, पण तोच पेच आज आणखी मोठ्या प्रमाणावर उभा आहे. दीर्घिकांच्या कडेचे तारे दिसणाऱ्या वस्तुमानाच्या मानानं फार वेगानं फिरतात. बहुतेक शास्त्रज्ञ न दिसणारं कृष्णद्रव्य मानतात, म्हणजे नेपच्यूनची वाट; १९८३ पासून मिलग्रोम आणि काही मोजके लोक नियमच बदलू पाहतात. विश्वोत्पत्तीच्या वादात आपल्या जयंत नारळीकरांनी हॉइल आणि बर्बिज यांच्याबरोबर १९९३ मध्ये महास्फोटाला पर्याय मांडला, तेव्हा अवकाशातल्या सूक्ष्मलहर प्रारणाचं कारण म्हणून त्यांना धातूंचे सुईसारखे बारीक कण अवकाशात आहेत असं धरावं लागलं. बहुतेकांना ते व्हल्कनसारखं वाटलं. नारळीकरांची बाजू बहुधा पडली, असंच मीही समजतो. पण समोरच्या बाजूच्या वहीतही न सापडलेलं द्रव्य आणि न समजलेली ऊर्जा आहेच, आणि ते ही गोष्ट शेवटपर्यंत नम्रपणे सांगत राहिले.

दोन्ही वाटा चुकतात असंही घडतं. पायोनियर १० आणि ११ ही यानं सूर्यमालेबाहेर जाताना अपेक्षेपेक्षा किंचित जास्त मंदावत होती. कोणी नव्या गुरुत्वाकर्षणाची समीकरणं लिहिली, कोणी कृष्णद्रव्य आणलं. २०१२ मध्ये जुनी आकडेवारी धुंडाळून केलेला हिशेब प्रसिद्ध झाला: यानातल्या यंत्रांची उष्णता सगळ्या दिशांना सारखी बाहेर पडत नव्हती, तिचाच तो उलटा धक्का. नवा ग्रहही नाही, नवा नियमही नाही. पण ती आकडेवारी कोणीतरी फेकून न देता जपली होती म्हणून हे कळलं.

आणि बुधाच्या आतला तो थवा? त्याचा शोध अजून घेतात. सूर्यावर लक्ष ठेवणाऱ्या यानांच्या छायाचित्रांवरून कळतं की तिथे सहा किलोमीटरहून मोठं काही कायमचं वस्तीला नाही. ये-जा मात्र आहे. इकॅरस हा लघुग्रह १९४९ मध्ये सापडला, तो दर फेरीत बुधाच्या कक्षेच्या आत डोकावून जातो. ऑगस्ट २०२१ मध्ये स्कॉट शेपर्डला त्याहून भारी एक मिळाला, २०२१ पीएच२७, साधारण एक किलोमीटरचा, ११३ दिवसांची फेरी. तो सूर्यापासून २ कोटी किलोमीटरपर्यंत जवळ जातो. व्हल्कनसाठी ल व्हेरिएनं काढलेलं अंतर २ कोटी १० लाख होतं. त्या जागेवरून आज खरोखर एक दगड जातो, फक्त तो कोणाला ओढण्याइतका मोठा नाही.

बुधाचा आकडा मेसेंजर यानाच्या नोंदींवरून आता ४२.९८ विकला असा पक्का झाला आहे. २०२१ पीएच२७ साठी आइन्स्टाइनच्या समीकरणातून शतकाला ५३ विकला निघतात, माहीत असलेल्या ग्रह-लघुग्रहांत सगळ्यात जास्त. तो मोजणं किचकट आहे. सूर्याच्या इतक्या जवळचा पिंड फक्त संधिप्रकाशात, क्षितिजालगत, थोड्या मिनिटांसाठी हाती लागतो. त्यातून तो इतका तापतो की त्याच्या पृष्ठभागातून निसटणारी उष्णताच त्याला हळूहळू ढकलत असणार, पायोनियरसारखी. समजा मोजणी झाली आणि ५३ ऐवजी ५१ आल्या, तर पहिला संशय त्या उष्णतेवर जाईल, दुसरा जवळपासच्या एखाद्या न दिसलेल्या पिंडावर. समीकरणावर बोट ठेवायला त्यानंतरही बराच काळ कोणी धजणार नाही, आणि मला वाटतं ते बरोबरच आहे. फक्त ५१ हा आकडा छापून यायला हवा.